दहा गोल खाल्ले, मग बूट घातले

मित्रांनो, गोंदियात क्रिकेट सगळ्यांना कळतं, पण आज फुटबॉलची गोष्ट सांगतो. धंद्याशी संबंध आहे, वाचा.

१९५१ साली दिल्लीतल्या पहिल्या आशियाई खेळांत भारताने इराणला १-० हरवून सुवर्णपदक जिंकलं. आपले बरेच खेळाडू तेव्हा अनवाणी खेळायचे. लहानपणापासूनची सवय, उघड्या पायाने चेंडू ताब्यात राहायचा. जिंकतोय तर बूट कशाला?

पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिक. थंडी, आणि समोर युगोस्लाव्हिया. निकाल १-१०.

एका वर्षात खेळाडू बिघडले होते का? नाही. मैदान बदललं होतं. तुमचंही असंच होतं. तिरोड्यात ओळखीच्या घरी पापड साध्या पिशवीतून मस्त खपतात. तेच नागपूरच्या दुकानात नेले की दुकानदार एफएसएसएआयचा नंबर विचारतो, वजन आणि तारीख छापली आहे का बघतो. ‘आमच्याकडे सगळे नावाजतात’ हे त्याच्या काही कामाचं नसतं. तिथे बरेच जण रागावून परत येतात आणि धंदाच सोडतात.

फुटबॉल महासंघाने काय केलं? बूट सक्तीचे केले. कोच मात्र तेच ठेवले, हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, मूळचे शिक्षक. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये आपल्या मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारले, भारत ४-२ ने जिंकला. त्याआधी हंगेरीने माघार घेतली होती, म्हणजे थोडं नशीबही होतं, ते लपवायचं कशाला? उपांत्य फेरीत पुन्हा युगोस्लाव्हिया. पहिला गोल नेव्हिलचाच! शेवटी १-४ ने हरलो, स्पर्धेत चौथे आलो.

‘सर, हरलेच ना?’ असं कोणीतरी म्हणणारच. हो, हरले. पण दहाचे चार झाले.

आता तुमचे बूट, म्हणजे पॅकिंग आणि लेबल. हा खर्च आधी भावात धरा. समजा पाकीट ५० रुपयांना विकायचंय आणि दुकानदार २० टक्के घेतो. तुमच्या हातात राहिले ४०. त्यात डाळ, मजुरी, पाकीट, लेबल आणि नागपूरपर्यंतचं गाडीभाडं बसतं का? आज रात्री कागदावर मांडून बघा, दुकानदाराला भाव उद्या सांगा.