गाळ्यातून नवोदयकडे

मुंबई शहरात जवाहर नवोदय विद्यालय नाही, आणि असण्याचं कारणही नाही. केंद्र सरकारची ही निवासी शाळा मुळात खेड्यातल्या हुशार मुलांसाठी काढलेली. तरीही गेल्या चाळीस वर्षांत तिने काय केलं हे समजून घ्यायचं तर सुरुवात लालबाग-परळपासून, म्हणजे गिरणगावापासून, करावी लागते. नवोदय येण्याआधी कोकणातल्या आणि घाटावरच्या गरिबाघरच्या हुशार मुलाची निवासी शाळा म्हणजे हाच परिसर होता.

गावात चौथी किंवा सातवी झाली, मास्तरांनी ‘पोरगं हुशार आहे, पुढं शिकवा’ म्हटलं, की मुंबईला काकाकडे नाही तर मामाकडे पत्र जायचं. काका गिरणीत कामाला. बिऱ्हाड असलं तर एका खोलीत आठ-दहा माणसं, आणि नसलं तर गावकऱ्यांचा गाळा. गावकऱ्यांच्या मुंबईतल्या मंडळाने भाड्याने घेतलेल्या त्या एका खोलीत गावची तीस-चाळीस माणसं पाळीपाळीने झोपत. रात्रपाळीचा माणूस सकाळी येऊन टेकायचा तो दिवसपाळीला गेलेल्याच्या जागेवर. भिंतीला लागून छतापर्यंत फळ्या, त्यांवर एकेकाची पत्र्याची ट्रंक, खाली खिळ्यांना अडकवलेले कपडे. शिकायला आलेल्या पोराच्या वाट्याला ट्रंकेपुरती जागा आणि अभ्यासाला गॅलरीचा कोपरा. जेवण खानावळवाल्या बाईंकडे, काकाच्या खात्यावर.

बाबासाहेब आंबेडकरांनीही शालेय वयात याच परिसरात राहून शिक्षण घेतलं. साताऱ्याहून आलेलं त्यांचं कुटुंब परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहायचं. खोली इतकी लहान, की वडील मुलाला लवकर झोपवत आणि रात्री दोनला अभ्यासाला उठवत. तिथून एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये जाऊन १९०७ साली ते मॅट्रिक झाले. पुढे १९११ साली ना. म. जोशींनी सोशल सर्व्हिस लीग काढली आणि कामगार वस्तीत वाचनालयं, रात्रशाळा सुरू झाल्या. दिवसा गिरणीच्या खात्यात काम करून रात्री शिकणाऱ्यांच्या पिढ्या त्यातून घडल्या. गिरगाव-दादरच्या नामांकित मराठी शाळांतही गावाहून आलेली अशी मुलं असत.

ही सगळी व्यवस्था माणसांच्या मायेवर उभी होती. स्वतः अर्धपोटी राहून पुतण्याची फी भरणाऱ्या त्या काकांपुढे आजही हात जोडावेसे वाटतात. पण ज्याला मुंबईत काका नव्हता त्याचं काय झालं? आणि मुलींचं? पुरुषांनी भरलेल्या गाळ्यात मुलीला पाठवण्याचा विचारही कुणाच्या मनात येत नसे. गावातली हुशार मुलगी चौथीनंतर धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घरीच राहिली. ती किती हुशार होती, हे कुणी मोजलंच नाही.

नात्यागोत्यावर न सोडता मुलांना एकत्र ठेवून शिकवायचा विचार महाराष्ट्राला नवा नव्हता. शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून कोल्हापुरात वसतिगृहं उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचं छत्रपती शाहू बोर्डिंग सुरू केलं. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात राज्य सरकारने पुसेगाव, औरंगाबाद, धुळे, अमरावती अशा ठिकाणी शासकीय विद्यानिकेतनं काढली. ग्रामीण भागातली निवडक मुलं, सरकारी खर्चाने राहणं-जेवणं आणि चांगले शिक्षक. नवोदयचं श्रेय दिल्लीला देताना ही आधीची घरची परंपरा आपण विसरतो, याचं मला वाईट वाटतं.

मग इकडे मुंबईत १८ जानेवारी १९८२ उजाडला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. गावाकडे जाणाऱ्या मनीऑर्डरी थांबल्या, खानावळींचे हिशेब थकले, बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, कोल्हापूरकडे परतली. लालबागच्या पालिका शाळेत शिकणारी पोरं गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊन बसली. पुतण्याला शिकवणारा काकाच बेकार झाला, तेव्हा गाळ्यातली ही निवासी शाळाही बंद पडली.

संपाचा आणि दिल्लीतल्या निर्णयाचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण काळ असा जुळून आला, की या मुलांना नेमकी तेव्हाच नवी वाट मिळाली. राजीव गांधींच्या सरकारने जिल्ह्याला एक याप्रमाणे निवासी शाळा काढायचं ठरवलं आणि १९८५-८६ मध्ये पहिल्या दोन शाळा प्रयोग म्हणून सुरू झाल्या. एक हरियाणात झज्जरला, दुसरी आपल्या अमरावतीला. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने योजनेवर शिक्कामोर्तब केलं. मग कोकणातही शाळा आल्या. सिंधुदुर्गात सावंतवाडीजवळ सांगेली, रत्नागिरीत राजापूर तालुक्यातलं पडवे, रायगडात माणगावजवळचं निजामपूर. गिरणगावात ज्या तालुक्यांच्या नावाने मंडळं चालत, तिथेच आता शाळा उभी राहिली. तमिळनाडूने मात्र भाषेच्या मुद्द्यावर ही योजना घेतली नाही.

प्रवेश सहावीत, परीक्षा पाचवीत. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना, आणि ग्रामीण म्हणजे तिसरी, चौथी, पाचवी खेड्यातल्याच शाळेत झालेली हवी. शिवाय पाचवीला मूल त्याच जिल्ह्यात शिकत असायला हवं. या नियमाने एकाच घरात दोन वाटा केल्या. संपानंतर आईबरोबर गावी गेलेलं मूल नवोदयच्या परीक्षेला बसू शकलं, परळलाच राहिलेल्या भावंडाला ते दार नव्हतं. दादरच्या छबिलदास गल्लीतून नवोदयच्या तयारीचं पुस्तक घेऊन गावी जाणाऱ्याच्या हाती धाडणारे मामा-काका मी पाहिले आहेत. मुंबईच्या नातलगाचं काम आता एवढंच उरलं होतं. परीक्षेत वेगळी आकृती ओळखा, अपुरी आकृती पूर्ण करा, आरशातली प्रतिमा शोधा, असे प्रश्न. मुलाने आजवर काय पाठ केलं यापेक्षा त्याची नजर किती तल्लख आहे, हे त्यांतून कळतं. शिकवणीचे पैसे नसलेल्या घरातल्या मुलालाही त्यामुळे थोडी आशा राहते.

निवड झाली, की पुन्हा पत्र्याची ट्रंक. झाकणावर रंगाने नाव, कुलूप, आत दोन चादरी, बादली-मग, तेलाची बाटली. पण या वेळी ट्रंक ठेवायला स्वतःची खाट होती. पहाटे घंटा, पीटी, प्रार्थना, वर्ग, सक्तीचा अभ्यास, मैदान. मुलं अरवली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी अशा सदनांत विभागलेली. सातवी-आठवीपर्यंत शिकवणं मराठीत, पुढे गणित-विज्ञान इंग्रजीत आणि सामाजिक शास्त्रं हिंदीत. नववीत काही मुलं वर्षभरासाठी हिंदी भाषक राज्यातल्या नवोदयात जातात आणि तिकडची मुलं इकडे येतात. तळकोकणातलं चौदा वर्षांचं पोर आयुष्यात पहिल्यांदा थंडीत कुडकुडतं, पोळी-भाजीच्या जेवणाला सरावतं. भेटीच्या रविवारी मात्र आईच्या हातचा डबा आधी सगळ्या खोलीत फिरतो आणि उरलासुरला घास ज्याचा डबा त्याला मिळतो.

दरवर्षी जिल्ह्यातली साधारण ऐंशी मुलं उचलायची, त्यांच्यावर खर्च करायचा आणि उरलेल्या हजारोंना गळक्या वर्गात ठेवायचं, हा या शाळांवरचा जुना आक्षेप. कोठारी आयोगाने (१९६४-६६) सर्वांसाठी समान शाळेची कल्पना मांडली होती, तिच्याशी हे जुळत नाही, हेही खरं. आक्षेप मला मान्य आहे. पण त्यावरचा उपाय म्हणून नवोदय आखडावी, हे मान्य नाही. सरकार मनावर घेईल तर गरिबाच्या मुलाला ग्रंथालय, प्रयोगशाळा, पोटभर जेवण आणि चांगला शिक्षक फुकट देऊ शकतं, याचा हा चाळीस वर्षांचा पुरावा आहे. तोच पुरावा जिल्हा परिषदेच्या शाळांसाठीही मांडायला हवा. योजना अजून वाढतेच आहे. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने देशभरात २८ नवी नवोदय विद्यालयं मंजूर केली, त्यांत महाराष्ट्रातून ठाणे जिल्हा आहे.

आणि मुली. एकतृतीयांश जागा त्यांच्यासाठी राखून ठेवल्या, यापेक्षा मोठी गोष्ट या योजनेत मला दिसत नाही. जिच्या आजीला चौथीनंतर घरी बसवलं, ती आज बारावी करून परळच्या केईएममध्ये डॉक्टर व्हायला किंवा माटुंग्याच्या व्हीजेटीआयला इंजिनियर व्हायला येते. मंडळाच्या मेळाव्यात तिचा शाल-श्रीफळ देऊन गुणगौरव होतो. पण महाविद्यालयाच्या वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर दादर-परळच्या भाड्यात तिच्या बापाचा पगार पुरत नाही. भावाला अजूनही गावच्या गाळ्यात पथारी मिळते, तिला नाही.

लालबाग-परळच्या चाळी आता पुनर्विकासात चालल्या आहेत. ज्या मंडळांचे गाळे टिकून आहेत त्यांना गाळ्यांच्या जागी बंद दाराच्या, आत न्हाणीघर-संडास असलेल्या खोल्या मिळतील. बऱ्याच मंडळांत त्या विकून पैसे वाटून घ्यायची चर्चा चालू आहे. माझं सभासदांना कळकळीचं सांगणं आहे: खोली विकू नका. येत्या सर्वसाधारण सभेत ठराव करा आणि ती गावाहून शिकायला येणाऱ्या मुलींसाठी ठेवा.