संहिता, साक्षी आणि कंपायलर

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते या शाळेत गणित शिकवीत. वहीत नुसते उत्तर लिहून आणणाऱ्या विद्यार्थ्याला, उत्तर बरोबर असले तरी, ते गुण देत नसत. ‘पायऱ्या कुठे आहेत?’ एवढेच विचारीत. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने त्यांच्या नावाच्या व्याख्यानासाठी संगणकाचा विषय का घ्यावा, हा प्रश्न संयोजकांनी सौजन्यापोटी विचारला नाही. परंतु तो त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसला. त्याचे उत्तर या पायऱ्यांत आहे. माझी चाळीसएक वर्षे हस्तलिखितांच्या पाठभेदांत गेली. हाती आलेली प्रत मूळ ग्रंथाशी कितपत इमान राखून आहे, हा माझा रोजचा प्रश्न. हाच प्रश्न संगणकाच्या क्षेत्रात कंपायलर नावाच्या प्रोग्रामविषयी विचारला गेला आहे, आणि त्यावर तेथे झालेला विचार पाठचिकित्सेच्या अभ्यासकानेही मनावर घ्यावा असा आहे.

या विषयाशी माझी गाठ नातीमुळे पडली. एका पोथीची शब्दसूची करण्यासाठी तिने मला छोटासा प्रोग्राम लिहून दिला. तिच्या लिनक्सच्या यंत्रावर त्यातली मराठी अक्षरे स्वच्छ उमटली. तीच फाईल माझ्या यंत्रावर, दुसऱ्या प्रणालीच्या कंपायलरकडून तयार करून घेतली, तेव्हा अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग आली. मी म्हटले, ‘लिहिण्यात चूक झाली.’ ती म्हणाली, ‘आजोबा, लिहिलेले तेच आहे, वाचणारा बदलला.’ पहिला कंपायलर फाईल यूटीएफ-८ संकेतात आहे असे गृहीत धरीत होता. दुसरा, तसे स्पष्ट सांगितल्यावाचून, यंत्राचा जुना स्थानिक संकेत गृहीत धरीत होता. मग हा वाचणाराच मूळ संहितेपासून बांधून पाहू, असे तिने ठरविले आणि मी शेजारी खुर्ची टाकून बसलो.

मनुष्याने लिहिलेली प्रोग्रामची संहिता यंत्राला थेट कळत नाही. ती वाचून यंत्राच्या आज्ञांत उतरविण्याचे काम कंपायलर करतो. त्याचा मागचा भाग विशिष्ट प्रोसेसरसाठी आज्ञा लिहितो. पुढचा भाग, ज्याला फ्रंट-एंड म्हणतात, संहिता वाचतो आणि तिचा अर्थ लावतो. हे वाचन आपण व्याकरणाच्या तासाला करीत असू तसेच आहे. ‘मुलाने पोळी खाल्ली’ या वाक्याचा प्रथम पदच्छेद करायचा, मग कर्ता, कर्म आणि क्रियापद यांचा अन्वय लावायचा, आणि शेवटी संगती तपासायची. ‘मुलाने पोळी खाल्ला’ या वाक्यात पदे ठीक आहेत, त्यांची जागाही ठीक आहे, पण लिंग जुळत नाही. फ्रंट-एंड येथे थांबतो आणि ओळीचा क्रमांक देऊन तक्रार करतो. प्रोग्रामिंगच्या भाषांचे व्याकरण सूत्ररूपाने मांडण्याची पद्धत जॉन बॅकस यांच्या नावाने ओळखली जाते. तिला ‘पाणिनी-बॅकस रूप’ म्हणावे, अशी सूचना पीटर इंगरमन यांनी १९६७ मध्ये केली होती, हे येथे जाता जाता नोंदवितो. त्यावर अधिक फुशारकी मारण्याचे कारण नाही.

पदच्छेद दिसतो तितका सोपा नसतो. ‘दऱ्या’ या शब्दातला अर्धा र संगणकावर दोन रीतींनी लिहिला जातो; त्यांपैकी एकीत डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह असते. कागदावर दोन्ही शब्द एकच, यंत्राच्या दृष्टीने दोन. सी++ या भाषेच्या मानकाने नावांमध्ये हे अदृश्य चिन्ह पूर्वी चालवून घेतले होते. २०२१ मध्ये युनिकोडचे नियम स्वीकारल्यावर ते नियमात बसेनासे झाले. आपल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या वादांत कोणा समितीने इतक्या बारकाईने लक्ष घातल्याचे मला आठवत नाही.

आम्ही निवडलेल्या फ्रंट-एंडचे नाव क्लँग. ख्रिस लॅटनर आणि विक्रम अडवे यांनी २००० साली इलिनॉय विद्यापीठात सुरू केलेल्या एलएलव्हीएम या प्रकल्पाचा तो भाग आहे. ॲपल कंपनीत त्याचे काम सुरू झाले आणि २००७ मध्ये त्याची संहिता सर्वांसाठी खुली करण्यात आली. ही संहिता सी++ मध्ये लिहिलेली आहे. म्हणजे सी++ वाचणारा कंपायलर तयार करावयाचा तर सी++ वाचणारा दुसरा कंपायलर आधी हाताशी हवा. विरजणावाचून दही लागत नाही, तसेच हे. फेब्रुवारी २०१० मध्ये क्लँगने स्वतःची संहिता स्वतःच कंपाइल करून दाखविली; तोवर त्याला दुसऱ्याचेच विरजण लागत होते. आजही नव्या घरी पहिल्यांदा तेच लागते.

आता तीन घरांतला अनुभव सांगतो. लिनक्सवर विरजण बहुधा जीसीसीचे. २०२३ मध्ये आलेल्या सोळाव्या आवृत्तीपासून एलएलव्हीएमची संहिता सी++१७ या मानकाप्रमाणे लिहिली जाते, त्यामुळे जीसीसीची निदान सातवी आवृत्ती लागते. कार्यालयांतील जुन्या, वर्षानुवर्षे न हलविलेल्या यंत्रांवर पहिली अडचण हीच. त्यानंतर सीमेक नावाचा प्रोग्राम यंत्राची पाहणी करून कामाचा आराखडा तयार करतो आणि निन्जा नावाचा प्रोग्राम त्या आराखड्याप्रमाणे हजारो फाईली एकेक कंपाइल करवून घेतो. नातीने प्रथम चुका शोधण्यास सोयीची, सर्व तपशील जपणारी रचना निवडली. तिला डिस्कवर १५ ते २० गिगाबाइट जागा लागते. जागा होती, पण शेवटी सुटे तुकडे जोडण्याच्या वेळी स्मरणशक्ती संपून यंत्र निपचित पडले. दुसऱ्या दिवशी तिने साधी रचना घेतली, एकाच प्रोसेसरसाठी आज्ञा मागितल्या, आणि एका वेळी एकच जोडणी चालेल असे बजावले. मग काम निभावले.

विंडोजवर विरजण मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरचे. तेथे घोटाळा झाला तो ओळ संपविण्याच्या चिन्हाचा. लिनक्सवर ओळ एका चिन्हाने संपते, विंडोजवर दोन चिन्हांनी. ही टेलिप्रिंटरच्या काळातली सवय आहे, गाडा मागे नेणे वेगळे आणि कागद सरकविणे वेगळे. संहिता उतरवून घेणारा गिट हा प्रोग्राम विंडोजवर, तशी मांडणी असेल तर, प्रत्येक ओळीला न विचारता ते दुसरे चिन्ह जोडून टाकतो. संहिता अर्थाने तीच राहते, परंतु क्लँगच्या चाचण्या ओळीला ओळ जुळवून पाहतात आणि त्या धडाधड नापास होतात. ही जोडणी आधीच बंद करावी, असे प्रकल्पाच्या सूचनांतच लिहिले आहे. आम्ही सूचना नंतर वाचल्या.

मॅकवर बांधणी विनासायास झाली आणि मग नवा क्लँग पहिल्याच धड्याला अडला: सी भाषेच्या साध्यातल्या साध्या प्रोग्रामला लागणारी शीर्षक-फाईल त्याला सापडेना. २०१८ नंतरच्या मॅकओएसमध्ये या फाईली जुन्या ठरलेल्या जागी नसतात. ॲपलच्या स्वतःच्या क्लँगला त्यांचा ठावठिकाणा आपोआप कळतो. घरी बांधलेल्याला पत्ता सांगावा लागतो.

या अडचणी निस्तरता येतात, कारण त्या दिसतात. न दिसणारी गोष्ट वेगळीच आहे. सी++ मध्ये एखाद्या फलनाला दोन गोष्टी पुरवायच्या असतील, तर त्यांतली आधी कोणती सिद्ध करावी हे भाषेने ठरवून दिलेले नाही. क्लँग डावीकडून आरंभ करतो, जीसीसी पुष्कळदा उजवीकडून. दोघेही व्याकरणशुद्ध. आता समजा, क्लँगच्याच संहितेत अशी एक ओळ राहून गेली, की जिथे दोन्ही बाजूंना काही नवे निर्माण होते. जीसीसीने बांधलेला क्लँग त्यांतले दुसरे आधी निर्माण करील, क्लँगने बांधलेला पहिले. आणि एकाच संहितेतून जन्मलेली ही दोन भावंडे तोच मजकूर वाचून वेगळ्या क्रमाच्या आज्ञा लिहितील. सुट्या पानांची पोथी दोन लेखनिकांकडे दिली आणि पाने कोणत्या क्रमाने घ्यायची हे सांगितले नाही, असाच हा प्रकार. एलएलव्हीएमच्या लेखननियमांत अशा अनिश्चिततेविषयी इशारे आहेत: स्मृतीतल्या पत्त्याप्रमाणे लागणाऱ्या क्रमावर विसंबू नये, समान किंमतीच्या घटकांच्या क्रमावर विसंबू नये. एवढ्यावर न थांबता, कडक तपासणीच्या रचनेत त्यांचा क्रमवारीचा प्रोग्राम यादी आधी मुद्दाम पिसून घेतो, म्हणजे क्रमावर विसंबणारा आळशी भाग उघडा पडावा. संपादनाच्या क्षेत्रात इतका सावधपणा मी क्वचित पाहिला आहे.

पण हे सर्व अनवधानाचे दोष झाले. हेतुपुरस्सर केलेल्या प्रक्षेपाचे काय? युनिक्सचे एक जनक केन थॉम्प्सन यांनी ट्यूरिंग पारितोषिक स्वीकारताना केलेले भाषण १९८४ च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झाले. कंपायलर असा बिघडविता येतो, असे त्यांनी दाखविले, की यंत्रात प्रवेश देणारा प्रोग्राम कंपाइल करताना तो त्यात गुपचूप चोरवाट ठेवील. आणि स्वतःची संहिता कंपाइल करताना हीच खोड नव्या कंपायलरमध्ये उतरवील. मग संहितेतून ती खोड पुसून टाकली तरी चालते. संहिता निर्मळ, वाचणाऱ्याला काही सापडत नाही, आणि विरजणातला दोष पिढ्यान् पिढ्या पुढे जातो. खुली संहिता आहे, कोणीही वाचून पाहावी, या युक्तिवादाचे पाय त्यांनी त्या दिवशी काढून घेतले.

ही केवळ कल्पना नव्हे, हे २०२४ च्या मार्चमध्ये दिसले. फाईली दाबून लहान करणाऱ्या ‘एक्सझेड’ या प्रकल्पाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट आढळली. तिला जागे करणारी ओळ सर्वांसमोरच्या भांडारातील संहितेत नव्हती; वितरणासाठी बांधलेल्या गठ्ठ्यातील बांधणीच्या आराखड्यात होती. शिवाय आपण लिनक्सवर, विशिष्ट प्रोसेसरसाठी, डेबियन किंवा आरपीएम पद्धतीचे वितरण बांधीत आहोत काय, हे ती आधी पाहत असे. अन्यत्र ती गप्प राही. एकाच प्रांतातल्या प्रतींत श्लोक घुसडणाऱ्या लेखनिकासारखेच हे. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे जाणवले, म्हणून ती उघडकीस आली. आपली बँक, आपले रुग्णालय, आपल्या जमिनीचा उतारा ज्या यंत्रांवर आहे, त्यांच्या बाबतीत ही गोष्ट त्या अर्ध्या सेकंदावर अवलंबून होती.

थॉम्प्सन यांच्या पेचावर डेव्हिड व्हीलर यांनी २००५ मध्ये आणि पुढे २००९ च्या प्रबंधात जो उपाय मांडला, तो वाचताना मी चकित झालो. संशयित कंपायलरची संहिता एका सर्वस्वी वेगळ्या वंशाच्या कंपायलरकडून बांधून घ्यावी. तो वेगळ्या हाताने लिहिलेला असल्यामुळे निपज तूर्त वेगळी दिसेल. मग या निपजेकडून तीच संहिता पुन्हा बांधून घ्यावी. आता आलेली फाईल संशयित कंपायलरने स्वतःच्या संहितेतून बांधलेल्या फाईलशी शेवटच्या अंकापर्यंत जुळली, तर प्रक्षेपाचा संशय फिटतो. कारण दोन परक्या घराण्यांनी एकच खोड केली असे मानणे कठीण. वि. सी. सुखठणकरांनी १९३३ साली महाभारताच्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत जी दृष्टी दिली, ती हीच नव्हे काय? परस्परांशी संबंध नसलेल्या उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या परंपरा जेथे एकमुखाने एक पाठ देतात, तेथे तो पाठ जुना. प्रतींची संख्या गौण. त्यांचे स्वातंत्र्य महत्त्वाचे.

आमचा प्रयोग याहून पुष्कळ लहान होता. शीर्षक-फाईली आधीच उलगडून ठेवलेला सी भाषेतील एक मजकूर आम्ही तिन्ही यंत्रांवरच्या क्लँगना दिला आणि एकाच प्रोसेसरसाठी, एकाच प्रणालीसाठी आज्ञा मागितल्या. लिनक्स आणि मॅक यांच्या फाईली जुळल्या, विंडोजची निराळी निघाली. नात हिरमुसली. मी तिला म्हटले, भेद कोठे आहे तो आधी दाखव. भेद सगळा एका जागी होता: फाईलच्या पोटात क्लँग आपले नाव, आवृत्ती आणि आपली संहिता कोणत्या भांडारातून आली हे लिहून ठेवतो. पहिल्या दोन यंत्रांवर संहिता भांडारातून घेतली होती. विंडोजवर, ओळींच्या घोटाळ्याला कंटाळून, तिने त्याच आवृत्तीचा तयार गठ्ठा उतरविला होता. आमच्या भाषेत याला पुष्पिका म्हणतात. पोथी संपल्यावर लेखनिक आपले नाव, गाव आणि तिथी लिहितो, ती. पुष्पिका लिहू नकोस, अशी आज्ञा क्लँगला देता येते. ती दिल्यावर तिन्ही फाईली तंतोतंत जुळल्या.

‘तीन साक्षी झाल्या, आजोबा,’ ती म्हणाली. मी वंशवृक्ष काढायला सांगितला. लिनक्सवरचा क्लँग जीसीसीने बांधलेला, विंडोजवरचा मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने. ही दोन घराणी वेगळी. मॅकवरचा मात्र ॲपलच्या क्लँगने बांधलेला, म्हणजे क्लँगच्याच कुळातला. तेव्हा स्वतंत्र साक्षी दोनच. तिने वहीत तीनचा आकडा खोडून दोन केला, आणि कारण शेजारी लिहून ठेवले.