बरे नसताना घाट चढणे

भंवरकुआं चौकाला आता टंट्या मामांचे नाव लाभले आहे; तरी रिक्षावाल्याला ‘भंवरकुआं’ असे सांगितल्यावाचून आमचे अद्याप भागत नाही. या चौकातून खंडवा रस्त्यास लागावे आणि देवी अहिल्या विश्वविद्यालयाचा तक्षशिला परिसर मागे टाकून यथाशक्ति धावावे, हा आमचा प्रातःकाळचा नेम. माळव्याचे पठार पडले सपाट. चढाची हौस भागवायची, तर सिमरोलच्या पुढे जावे लागते. तेथे रस्ता चोरलच्या खोऱ्यात उतरतो. म्हणजे आमच्या घाटात आधी उतार आणि परतताना चढ.

साताऱ्यास नेमके याच्या उलट. तेथील ‘सातारा हिल हाफ मॅरेथॉन’ ही शर्यत २०१२ साली सुरू झाली. योगायोग असा, की पश्चिम घाटाबरोबर कासचे पठार जागतिक वारशाच्या यादीत आले, तेही त्याच वर्षी. अंतर २१ किलोमीटरांहून किंचित अधिक. शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याने काही अंतर जायचे आणि त्याच वाटेने परत फिरायचे. सातारा हे आमचे आजोळ. आजोळच्या घाटात एकदा तरी धावावे, या इच्छेने आम्ही सहा महिने सराव केला होता.

आणि शर्यतीच्या आदल्या रात्री नाक वाहू लागले, घसा खवखवू लागला.

“एवढ्या लांबून आलो, ते आजारी पडायला का?” सौ. म्हणाली. मामांचे मत निराळे. “आमच्या वेळी अंगात ताप असला तरी आम्ही शेतावर जात असू!” आमचे मन अर्थातच मामांच्या बाजूचे. सौ.ने वाद न घालता थर्मामीटर पुढे केला.

या बाबतीत डॉक्टरमंडळींचा एक सोपा आडाखा आहे. त्रास मानेच्या वर, म्हणजे नाक, शिंका, घसा एवढ्यापुरता असेल, तर बेताने धावण्यास बहुधा हरकत नसते. छातीत कफ, अंगदुखी अथवा ताप असेल, तर मात्र मुळीच धावू नये. तापात हृदयाची गती आधीच वाढलेली असते. आणि विषाणूंची बाधा हृदयाच्या स्नायूंपर्यंत गेली असेल, तर श्रम जिवावर बेतू शकतात. पारा ९८ च्या किंचित वर थांबला. सकाळी पुन्हा पाहिले, तेव्हाही तो तेथेच होता. “बोलता येईल इतक्याच वेगाने धावायचे आणि छातीत जरा जड वाटले की थांबायचे,” अशा दोन अटींवर आम्हांस परवानगी मिळाली.

घाट सुरू झाला आणि पहिली अट कठीण वाटू लागली. माणसे भराभर पुढे निघून जात होती. सत्तरीच्या घरातील एक गृहस्थ आमच्या बरोबरीला आले आणि त्यांनी विचारले, “काय, तब्येत बरी नाही वाटते?”

“छे, उत्तम आहे!” आम्ही उत्तरलो. एवढे म्हणतानाच धाप लागली. आमचे खोटे आमच्याच श्वासाने उघडे पाडले. पुढच्या वळणावर आम्ही त्यांना खरे सांगितले. “मग चाला की!” ते सहज म्हणाले आणि स्वतःही थोडा वेळ आमच्याबरोबर चालले. उजवीकडे-डावीकडे धुके होते, पावसाची भुरभुर होती. मान खाली घालून धावलो असतो, तर यातले काहीच दिसले नसते.

माघारी फिरल्यावर उताराने मोह घातला. गेलेला वेळ भरून काढावा, त्या गृहस्थांना गाठावे, असे मनात आले. परंतु उतारावर शरीराला आवर घालताना मांड्यांचे स्नायू ताणलेल्या स्थितीत काम करतात. धावणाऱ्याला तो उतार दुसऱ्या दिवशी जिन्यावर आठवतो. आम्ही लहान पावले टाकीत खाली आलो. सरावातल्या वेळेपेक्षा अर्धा तास अधिक लागला.

“कितवे आलात?” मामांनी दारातच विचारले.

तेव्हा आम्हांस १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकची आठवण झाली. बेळगावचे फडेप्पा चौगुले तेथे मॅरेथॉनमध्ये १९ वे आले. त्याच शर्यतीत धावलेल्या सदाशिव दातारांना ती पुरी करता आली नाही. चौगुल्यांचे नाव आजही निघते; दातारांचे क्वचितच. वस्तुतः भारताच्या वतीने त्या रस्त्यावर दोघेही उभे राहिले होते. थांबणाऱ्याचीही काही गणना असावी, असे त्या दिवशी प्रथमच आम्हांस मनापासून वाटले. कारण पारा दोन अंश वर असता, तर आम्हीही घरीच राहिलो असतो आणि तेच शहाणपणाचे ठरले असते.

भंवरकुआंला परतलो, तो नेहमीप्रमाणे शिकवणी वर्गांच्या मुलांची गर्दी. शेजारच्या खोलीतला विद्यार्थी तापाने फणफणला असतानाही वर्गास निघाला होता. एरव्ही आम्ही त्याच्या जिद्दीचे कौतुक केले असते. या खेपेस सौ.चा थर्मामीटर त्याच्या हाती दिला.