इस्रायल आळीतला मलिदा

दादरच्या एक निवृत्त शिक्षिका तीस वर्षं मशीद स्टेशनावरून लोकलने गेल्या. त्या नावातली मशीद ज्यूंची असल्याचं मानलं जातं, हे त्यांना साठी उलटल्यावर कळलं. कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्रायली, आपल्या प्रार्थनामंदिराला मराठीत मशीदच म्हणत. तेवढ्या एका गोष्टीपायी बाईंनी बारा जणांच्या दोन दिवसांच्या सहलीत नाव घातलं.

पहिला दिवस मुंबईत गेला. सॅम्युएल स्ट्रीटवरचं शार हारहामीम हे सिनेगॉग 1796 सालचं. टिपूच्या कैदेतून सुटून आलेल्या सॅम्युएल इझिकेल दिवेकर या कंपनी सरकारच्या सैनिकाने ते बांधलं, अशी परंपरा सांगते. काळा घोड्याजवळचं निळं सिनेगॉग बगदादी ज्यूंचं. तिथे फोटो काढून झाले.

दुसऱ्या दिवशी लाँचने मांडवा आणि तिथून अलिबाग. "सात जोडपी," वाटाड्याने लाँचमध्येच सांगितलं. नवगावच्या किनाऱ्यापाशी बेने इस्रायलींच्या पूर्वजांचं जहाज फुटलं आणि सात जोडपी तेवढी वाचली. मिनीबसमध्ये पुन्हा सात जोडपी. नवगावच्या दफनभूमीत, स्मारकापाशी, तिसऱ्यांदा. हे कधी घडलं? समाजाचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल केहिमकर इ.स.पू. 175च्या सुमाराचा काळ सांगतात, पण लेखी पुरावा नाही. आकडा मात्र इतका नेटका की शंका यावी.

त्यापेक्षा आडनावं बोलकी. किहीमचे केहिमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर. इथे ही माणसं घाण्यावर तेल गाळत आणि शब्बाथला, म्हणजे शनिवारी, घाणा बंद ठेवत. शेजाऱ्यांनी त्यांची जातच ठरवून टाकली: शनिवार तेली.

अलिबागच्या इस्रायल आळीत मागेन आबोथ सिनेगॉग आहे, 1848चं, 1910मध्ये नव्याने बांधलेलं. कार्यक्रमपत्रिकेत पुढची ओळ होती, 'मलिदा, साडेअकरा ते बारा'. नवस फेडायचा, लग्नकार्याआधी एलियाहू हन्नाबी या प्रेषिताची आठवण करायची, त्यासाठी मलिदा. इथे तो बसच्या वेळेवर.

पण मागच्या पडवीतल्या मावशींना पत्रिकेशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी पोहे भिजवले होते. वर ओलं खोबरं, गूळ, वेलची. ताटात कडेने फळं. खवणीवर नारळ फिरत होता आणि तो वास दारातून थेट आत येत होता. शिक्षिकाबाई तिथून हलेचनात. त्यांच्या आईच्या दडप्या पोह्यांना गूळ नसायचा, एवढाच फरक.

"रोज प्रार्थना होते का हो इथे?"

"दहा पुरुष जमले तर. आपले दहा." 1948नंतर घरंच्या घरं इस्रायलला गेली. मावशींचा भाऊ दिमोनात आहे. फोनवर तो अजून 'पाऊस लागलाय का गो?' असंच विचारतो.

गटात दोन तरुण इस्रायलहून आलेले, आजीचं गाव शोधत. एकाला मराठीतले "पाणी" आणि "बस" एवढेच शब्द येत होते. मावशींनी त्या दोघांना पाहिलं, मग राखणदाराला, मग आळीतून येऊन बाकावर टेकलेल्या दोन म्हाताऱ्यांना. अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत गेला आणि पाचावर थांबला.

मग त्यांनी नारळाची दुसरी कवड उचलली.