मक्याच्या रानातली स्लरी आणि उडून जाणारा नत्र

उसाच्या जोडीला आपल्यापैकी पुष्कळांनी गोठा वाढवला आहे, आणि गोठ्यापाठोपाठ मुरघासाचा मकाही रानात आला आहे. म्हणून या वेळी हॉलंडची हकीकत सांगायचे योजले आहे. दुभती जनावरे आणि मका या जोडीचे बरेवाईट त्या लोकांनी आपल्या आधी भोगले आहे.

१९७० च्या सुमारास तिकडे चाऱ्याचा मका जेमतेम काही हजार हेक्टर होता. १९९० पर्यंत तो दोन लाख हेक्टरच्या घरात गेला. तिकडे शेण आणि मूत गोठ्याखालच्या हौदात एकत्रच साठते. हीच त्यांची स्लरी. आता मक्याचा एक गुण (अवगुणच म्हणा) असा, की खत कितीही ओता, तो गव्हासारखा लोळत नाही. त्यामुळे जादा झालेली स्लरी नेऊन ओतायची जागा म्हणजे मक्याचे रान, असेच होऊन बसले. त्यात जमिनी वाळूच्या. पिकाने न घेतलेला नत्र नायट्रेट होऊन पावसाबरोबर खाली उतरला तो थेट भूजलात. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा तिकडे लिटरला ५० मिलिग्रॅम आहे, आपल्याकडे ४५. त्यापलीकडच्या पाण्यात वरचे दूध कालवून तान्ह्या लेकराला पाजले, तर रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकद घटते, ओठ-नखे निळी पडतात. आणि पाणी उकळून नायट्रेट जात नाही. पाणी आटते तसा तो उलट दाट होतो.

१९९१ साली युरोपात यावर कायदा आला. जनावरांच्या खतातून वर्षाला हेक्टरी १७० किलो नत्र, ही सर्वसाधारण मर्यादा. आपल्या हिशेबाने एकरी ६९ किलो, म्हणजे युरियाच्या ४५ किलोच्या सव्वातीन गोण्यांत असतो तेवढा. याच दशकात स्लरी वरून फेकायलाही तिथे बंदी झाली. टँकरच्या मागे फाळ किंवा चकत्या लावतात, त्या जमिनीत चर पाडतात, चरात स्लरी सुटते.

याचे कारण नीट समजून घ्या. मुतातला नत्र बराचसा युरियाच्याच रूपात असतो. शेणाशी त्याची गाठ पडली की अमोनिया तयार होतो. सकाळी गोठ्यात डोळ्यांना झोंबते ना, तेच ते. आपले पैसेच वाऱ्यावर चाललेले असतात म्हणायचे! उघड्या रानात टाकलेल्या स्लरीतला अमोनिया पहिल्या काही तासांतच सर्वांत जास्त उडतो. मातीआड गेली की हे नुकसान फार मोठ्या प्रमाणात थांबते.

पण उडायचे थांबले म्हणजे काम फत्ते झाले असे नव्हे. मातीत अमोनियाचा नत्र चिकटून राहतो. जिवाणू काही आठवड्यांत त्याचे नायट्रेट करतात आणि ते पाण्याबरोबर वाहते. मका तर पहिला महिनाभर फारसे काही मागत नाही. गुडघ्याएवढा झाला की तुऱ्यापर्यंत सपाटून खातो. म्हणून डच शेतकरी स्लरी पेरणीच्या तोंडावरच देतो. वालुकामय जमिनीत २०२१ पासून ती मक्याच्या ओळीलगत देण्याचा नियम झाला. मुळी तिच्यापर्यंत लवकर पोचते. मका निघाल्यावर १ ऑक्टोबरपर्यंत राय किंवा गवतासारखे पीक पेरून उरलेला नत्र पकडायचा, किंवा ते आधीच मक्यात पेरून ठेवायचे, हा नियम २०१९ पासून आहे. आणि मुख्य म्हणजे जो नत्र वाचला, तेवढे रासायनिक खत कमी करायचे. हे केले नाही तर हवेतून वाचवलेला नत्र विहिरीत गेला, एवढाच फरक.

आता आपल्याकडे. टँकर आणि चकत्या कुठल्या आणायच्या? त्याची गरजही नाही. आपल्या काळ्या, चुनखडीच्या रानात आणि आपल्या उन्हात अमोनिया त्यांच्यापेक्षा जास्तच उडतो. तेव्हा सरी पाडा, गोबरगॅसची किंवा गोठ्याची स्लरी संध्याकाळी वारा पडल्यावर सरीत सोडा आणि लगोलग माती ओढा. बी स्लरीच्या डोक्यावर टाकू नका, कोंब जळतात. बगलेला तीन-चार बोटे सोडून टोका. मुसळधार पावसाच्या तोंडावर स्लरी देऊ नका. युरियाचा हप्ता मका गुडघ्याला आल्यावर, तोही हात राखून. मक्यामागे ऊस लावणार असाल तर रानात उरलेला नत्र लागणीच्या डोसातून वजा धरा.

त्यांच्या स्लरीत हजार लिटरला सुमारे ४ किलो नत्र असतो आणि त्यातला निम्म्याच्या आसपास लगेच उपयोगी पडतो. आपण गोठा धुतो, गोबरगॅसला शेणाबरोबरीने पाणी घालतो, त्यामुळे आपली स्लरी पातळ. हा आकडा जसाच्या तसा घेऊ नये. हौद चांगला ढवळून नमुना घ्या आणि तपासून आणा. मातीचा नमुना द्यायला जाल तेव्हा त्याबरोबर विहिरीच्या पाण्याचीही एक बाटली न्या, आणि नायट्रेट बघा म्हणून मुद्दाम सांगा.