सुरकुत्या, डोळ्यांभोवतालच्या
डोळ्यांच्या बाह्य कोपऱ्यांपासून कानशिलांकडे पंख्यासारख्या पसरणाऱ्या, तसेच खालच्या पापणीवर दिसणाऱ्या त्वचेच्या बारीक घड्या. पापण्यांची त्वचा अतिशय पातळ असून तिच्याखालील वर्तुळाकार स्नायू हसताना व डोळे बारीक करताना आकुंचन पावतो. प्रारंभी घड्या तेवढ्यापुरत्याच दिसतात. वयोमानाने व सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांमुळे अंतस्त्वचेतील कोलॅजेन व प्रत्यास्थ तंतूंचा ऱ्हास झाला की त्या कायम राहतात. धूम्रपानानेही त्या वाढतात.

उपचारांची परीक्षा : कोणत्याही स्निग्ध मलमाने त्वचेतील ओलावा टिकून बारीक सुरकुत्या तात्पुरत्या कमी दिसतात. त्यामुळे औषधी मलमाची तुलना औषधविरहित त्याच मलमाशी करणे आवश्यक ठरते. कोणास काय दिले, हे रुग्ण व परीक्षक या दोघांसही कळू दिले जात नाही. १९८८ मध्ये अमेरिकेत अशा पद्धतीने १६ आठवडे केलेल्या चाचणीत, अ जीवनसत्त्वाशी संबंधित ट्रेटिनॉइन या औषधाने सूर्यप्रकाशाने जीर्ण झालेल्या त्वचेत सुधारणा आढळली; मात्र बहुतेकांच्या त्वचेचा दाहही झाला. गर्भवतींनी हे औषध टाळावयाचे असते.

बॉट्युलिनम विष : हे सूक्ष्मजंतुजन्य विष चेताग्रातून ॲसिटिलकोलीन बाहेर पडू देत नाही, परिणामी स्नायू शिथिल होतो. कॅनडातील नेत्रवैद्य जीन कॅरदर्स या पापण्यांच्या अनैच्छिक आकुंचनावर ते वापरीत असता भुवयांमधील आठ्या कमी झाल्याचे आढळले. त्यांनी व त्यांचे पती, त्वचारोगतज्ञ ॲलेस्टर कॅरदर्स यांनी १९९२ मध्ये याविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. डोळ्यांच्या कोपऱ्यांतील सुरकुत्यांसाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ मध्ये मान्यता दिली. त्यापूर्वीच्या दोन चाचण्यांत ८३३ प्रौढांना विष किंवा निरौषध द्रव टोचण्यात आला होता. परिणाम सुमारे तीन ते चार महिने टिकतो. पापणीस सूज येऊ शकते. अंतःक्षेपण तज्ञाकडूनच करून घ्यावे लागते.

प्रतिबंध : ऑस्ट्रेलियातील नॅम्बर येथे ९०३ प्रौढांवर साडेचार वर्षे केलेल्या चाचणीत (प्रसिद्धी २०१३), सूर्यरोधक मलम रोज लावणाऱ्यांच्या हाताच्या त्वचेवरील जीर्णतेच्या खुणा इतरांपेक्षा २४ टक्के कमी आढळल्या.

केवळ प्रसाधन म्हणून विकल्या जाणाऱ्या मलमांना अमेरिकेत विक्रीपूर्व मान्यता लागत नाही. म्हणून जाहिरातीतील ‘आधी व नंतर’ची छायाचित्रे हा पुरावा ठरत नाही, प्रकाश, चेहऱ्यावरील भाव व ओलावा यांनीही तसा फरक दिसू शकतो.