‘मुंबईचे वर्णन’वरचे अभिप्राय कसे वाचावेत

गोविंद नारायण माडगावकर यांचं ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली निघालं. न. र. फाटक यांनी संपादित केलेली त्याची आवृत्ती १९६१ साली मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने काढली आणि पुढे मुरली रंगनाथन यांनी ते इंग्रजीत नेलं. मुंबईत रस असलेल्या चार वाचकांना या पुस्तकाबद्दल विचारा. एक म्हणेल, खजिना आहे. दुसरा म्हणेल, नुसती जंत्री. तिसऱ्याला इंग्रजांची आरती खटकलेली असते आणि चौथ्याने भाषा झेपली नाही म्हणून विसाव्या पानावर ठेवून दिलेलं असतं. चौघांचंही म्हणणं प्रामाणिक असतं. आपण पुस्तक घ्यायचं की नाही, हे मात्र त्यावरून लगेच ठरत नाही, कारण प्रत्येक जण वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलत असतो.

सर्वांत आधी चौथ्याला विचारायचं, तुम्ही कोणती प्रत वाचली? मराठी मूळ वाचणाऱ्यासमोर एकोणिसाव्या शतकातलं गद्य असतं. वाक्यं लांब, शब्द जुने. इंग्रजी अनुवाद वाचणाऱ्याला हा त्रास नाही, त्याच्या हातात आजची भाषा येते. म्हणून इंग्रजी वाचलेला माणूस ‘सहज वाचून झालं’ म्हणाला तर त्यावर मराठी प्रत मागवू नये, आणि मराठी वाचून थकलेल्याचं ऐकून पुस्तकच रटाळ आहे असंही धरू नये. भाषेबद्दलचं मत निम्म्याहून अधिक प्रतीबद्दलचं असतं.

जंत्रीच्या तक्रारीला थोडा अधिक वेळ द्यायला हवा. माडगावकर देवळं, तळी, बाजार, जाती, सण, शाळा असं एकेक घेत जातात. गोष्ट वाचायला बसलेल्याचा त्यात जीव रमत नाही. पण हे पुस्तक एका बैठकीत वाचायला लिहिलेलंच नाही. पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली आणि १८६३ सालीच बोरघाटातला लोहमार्ग खुला झाला. देशावरच्या माणसाला मुंबई हाताशी आली होती. अशा नव्याने येणाऱ्याला शहर दाखवायचं तर क्रमाने, खात्यावार दाखवणं स्वाभाविकच होतं. पाचच वर्षांनी ना. वि. जोशी यांचं पुण्यावरचं पुस्तक आलं, तेही ‘वर्णन’ याच नावाने. तेव्हा ‘जंत्री आहे’ हा शेरा खरा आहे, फक्त तो दोष म्हणून न वाचता वापरण्याची सूचना म्हणून वाचावा: हवं ते प्रकरण उघडा, बाकीचं राहू द्या.

‘यात आपली मुंबई नाहीच’ अशीही एक कुरकुर ऐकू येते. तिचा निकाल तारखांनी लागतो. राजाबाई टॉवर १८७८चा, व्हिक्टोरिया टर्मिनस १८८८चं, महापालिकेची इमारत १८९३ची, गेटवे तर १९२४चा. पोस्टकार्डावरची सगळी मुंबई पुस्तकानंतर उभी राहिली. कोटाच्या भिंती पाडायला घेतल्या त्या याच सुमारास.

मग १८६३च्या मुंबईत पाहण्यासारखं काय होतं? माझ्या मते पाणी. विहार तलावाचं पाणी शहराला मिळू लागून जेमतेम तीन वर्षं झाली होती, त्याआधी सगळी भिस्त विहिरी आणि तळ्यांवर. धोबीतलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक ही नावं आज आपण बसच्या पाटीवर वाचतो, आणि तिथे उतरल्यावर पाण्याचा थेंब दिसत नाही. तळी बुजली, नावं उरली. सी. पी. टँकमधला ‘सी. पी.’ म्हणजे कावसजी पटेल, हे तिथे राहणाऱ्या अनेकांनाही ठाऊक नसतं. माडगावकरांच्या काळात ही तळी खरोखर तळी होती. म्हणूनच गिरगाव-भुलेश्वराच्या बाजूचा वाचक या पुस्तकावर जे बोलतो ते मला सर्वांत मोलाचं वाटतं, मग ते कौतुक असो की चुका काढणं. तो आधी आपली गल्ली शोधतो. एखादं देऊळ भलत्या ठिकाणी सांगितलं असेल तर तोच ओरडतो. ‘अप्रतिम, अवश्य वाचा’ या दहा अभिप्रायांपेक्षा एका वाडीचं नाव घेऊन केलेली एक तक्रार अधिक कामाची, कारण ती तपासता येते.

तपासायचं कसं? एकच ठिकाण घ्या आणि तीन पुस्तकं शेजारी ठेवा: माडगावकर, आचार्य आणि शिंगणे यांचा १८८९चा ‘मुंबईचा वृत्तांत’, आणि एडवर्ड्स यांचं तीन खंडांतलं मुंबईचं गॅझेटियर, जे १९०९-१० साली निघालं. तिघांत जे जुळतं ते बहुधा पक्कं. जिथे फरक पडतो तिथे चूक असेलच असं नाही, मधल्या वर्षांत शहर बदललेलंही असू शकतं. ग्रंथालयात बसून ही सवय एकदा लावून घेतली की इतरांच्या शेऱ्यांची भीती राहत नाही.

इंग्रजांच्या कौतुकाचा मुद्दा मात्र तारखा दाखवून मिटत नाही, आणि मिटूही नये. माडगावकर मिशनऱ्यांच्या शाळेत शिकवत, स्वच्छतेवर ‘शुचिर्भूतपणा’ नावाचं पुस्तक त्यांनी आधी लिहिलं होतं. सुधारणेवर त्यांचा मनापासून विश्वास होता. शिवाय पुस्तक लिहिलं गेलं ते अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथला कापूस सोन्याच्या भावाने जात असताना. युद्ध थांबलं, भाव कोसळले आणि १८६५ साली मुंबईच्या पेढ्या व शेअरवाले बसले. माडगावकर त्याच वर्षी वारले. भरभराटीच्या ऐन मध्यावर लिहिलेलं हे पुस्तक आहे, तो उत्साह त्याच्या शाईत आहे. एवढं समजल्यावरही एखाद्या वाचकाला जातींवरचा किंवा गोऱ्या राज्यकर्त्यांवरचा त्यांचा सूर सलत असेल, तर त्याचं ऐकून घ्यावं. इथे वाचक पुस्तकाशी भांडत असतो, आणि अशा भांडणातून पुस्तकाबद्दल जितकं कळतं तितकं स्तुतीतून कळत नाही. फक्त त्याने नेमकं प्रकरण सांगावं. ‘एकूण सूर आवडला नाही’ एवढ्यावर दुसऱ्याला पुढे जाता येत नाही.

तुम्ही स्वतः अभिप्राय लिहिणार असाल तर वरच्या ओळीतच आवृत्ती आणि भाषा टाका. मुंबईचा कोणता भाग तुम्हाला पायाखालचा आहे, हेही सांगा. दादरच्या वाचकाने दादर शोधलं आणि फारसं सापडलं नाही, तर तेही लिहावं. त्या काळी वस्ती कुठवर पोचली होती, याचा अंदाज पुढच्या वाचकाला त्यावरून येईल.